वीस अंशांची खोली

७ मार्च २०२४, गुरुवार

भोसरी एमआयडीसीची आज सुट्टी. अकरा वर्षं गुरुवार म्हणजे धुणं, दळण आणि लेकीची राहिलेली वह्यापुस्तकं. आज दळण तसंच राहिलं.

काल संध्याकाळी साडेपाचला एचआरनं आम्हा सात जणांना ऑफिसात बसवून पत्रं दिली. मुख्य कस्टमरनं व्हॉल्व्ह गाईडचं काम दुसऱ्या राज्यातल्या व्हेंडरकडे वळवलं. दोन लाईन बंद. आमचा शेवटचा दिवस ३० मार्च. कुणाचा आवाज चढला नाही. सेटर काकांनी पत्राची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि विचारलं, "सेकंड शिफ्टचं सेटिंग करून ठेवू ना?"

रात्री हिशेब मांडला. बेसिक आणि डीए मिळून १८,२००. त्याला २६ नी भागून १५ नी गुणायचं, वर अकरा वर्षं. ग्रॅच्युइटी १ लाख १५ हजार ५००. हे चाकणला मेंटेनन्सला आहेत. त्यांच्या पगारात किराणा आणि घराचा हप्ता निघेल, लेकीची फी निघणार नाही. आईंना अजून सांगितलं नाही. त्यांनी ओळखलं असावं. जेवताना माझ्या ताटात न विचारता आमटी वाढली.

३० मार्च, शनिवार

सकाळी नेहमीसारखी सीएमएम (जॉबची मापं घेणारं मशीन) सुरू केली. मास्टर गोळ्यावर प्रोब कॅलिब्रेट केला. आज मोजायला एकच लॉट होता, पण कॅलिब्रेशन चुकवलं नाही.

आमची स्टँडर्ड रूम वर्षभर वीस अंशांवर. साऱ्या जगात लांबीचं माप वीस अंश सेल्सियसला धरतात, कारण लोखंड उष्णतेनं वाढतं. शंभर मिलिमीटरचा पोलादी जॉब पस्तीस अंशांच्या शॉपमधून उचलून आणला, तर तो सतरा मायक्रॉन लांब भरतो. म्हणून जॉब आधी ग्रॅनाइटच्या टेबलावर निववायचा, मगच प्रोब लावायचा. नव्या पोरांना मी हेच पहिलं शिकवायचे. डिस्पॅचवाले दाराशी उभे राहून घाई करायचे, तरी जॉब निवेपर्यंत मी मशीनला हात लावत नसे.

दुपारी प्रोग्रामची यादी करून दिली. अकरा वर्षांत १४० पार्टचे प्रोग्राम माझ्या हातचे. कुठल्या भोकात प्रोब किती खोल जाईल, आधी कुठली बाजू धरायची, माप लिमिटबाहेर गेलं तर मशीननं थांबायचं की पुढं जायचं, हे सगळं ओळीओळीनं लिहिलेलं. क्वालिटी हेड साहेब यादी चाळत म्हणाले, "मॅडम, याला प्रोग्रामिंगच म्हणतात. तुम्ही इतकी वर्षं नुसतं मशीन चालवते म्हणत आलात."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत होतं.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

गुढी उभारून झाल्यावर यांच्यासोबत डेक्कनला गेले. पिंपरीहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून डेक्कन. जिन्यापासूनच क्लासेसच्या पाट्या सुरू होतात. टेस्टिंग, जावा, डेटा, क्लाउड, आणि प्रत्येक पाटीवर शंभर टक्के प्लेसमेंट. तीन ठिकाणी चौकशी केली. एकच प्रश्न विचारला: मागच्या बॅचची किती मुलं होती आणि त्यातली किती लागली? दोन ठिकाणी उत्तर मिळालं नाही. तिसऱ्या ठिकाणचे सर म्हणाले, "बत्तीस होती, नऊ लागली. पूर्वी वीस लागायची." तिथंच प्रवेश घेतला. सॉफ्टवेअर टेस्टिंग, सहा महिने, ४२,००० रुपये, दोन हप्त्यांत.

खरं तर आधी क्वालिटीतच जागा शोधल्या. चाकणला दोन, तळवड्याला एक मुलाखत दिली. बारा तासांची शिफ्ट, ठेकेदाराच्या पटावर, आणि पगार नुकताच डिप्लोमा झालेल्या मुलाचा. मी चौतीस वर्षांची आहे. आता तडजोड केली तर दहा वर्षांनी पुन्हा कुणीतरी असंच पत्र हातात ठेवेल. मोजणं हे माझं काम आहे. लोखंडाऐवजी दुसरं काही मोजता येतं का, हे एकदा पाहणार आहे.

आई म्हणाल्या, "शिक. पोरीकडे मी बघते." मग गुढीची साखरेची माळ लेकीऐवजी माझ्याच हातात दिली.

२० एप्रिल, शनिवार

क्लासमध्ये आज शिकवणं झालंच नाही. सगळ्यांच्या मोबाईलवर एकच बातमी. टीसीएसचे आकडे गेल्या आठवड्यात आले होते, इन्फोसिसचे परवा, विप्रोचे काल. मार्चअखेरच्या वर्षभरात टीसीएसमध्ये १३,२४९ माणसं कमी झाली, इन्फोसिसमध्ये २५,९९४, विप्रोमध्ये २४,५१६. मागच्या बाकावरच्या लातूरच्या मुलानं बेरीज केली: ६३,७५९.

सरांनी लपवाछपवी केली नाही, हे मला आवडलं. कोविडच्या काळात सगळ्या जगाला एकदम ऑनलाईन व्हायचं होतं, तेव्हा कंपन्यांनी भरमसाट भरती केली. मग अमेरिकेत व्याजदर वाढले, तिथल्या बँकांनी आणि दुकानदारांनी खर्चाला कात्री लावली. सोडून गेलेल्यांच्या जागी नवी माणसं घेतलीच नाहीत. म्हणजे ही माणसं सगळी काढलेली नाहीत, जागा भरायच्या राहिल्या आहेत. आमच्या दृष्टीनं मात्र दोन्ही सारखंच. दार आमच्यासाठीच बंद आहे.

लातूरच्या मुलाकडे एका मोठ्या कंपनीचं २०२२ सालचं ऑफर लेटर आहे. जॉइनिंगची तारीख अजून आलेली नाही. वडिलांनी गावात पेढे वाटले होते, म्हणून दोन वर्षं तो गावी गेला नाही. कॉट बेसिसवर राहतो आणि रात्री जेवणाची पार्सलं पोचवतो.

१४ मे, मंगळवार

आजचा दिवस माझ्या लक्षात राहील.

सरांनी एक जुनं कोडं घातलं. ग्लेनफोर्ड मायर्स नावाच्या माणसानं १९७९ मध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगवर पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवातच या कोड्यानं होते. प्रोग्रामला तीन पूर्णांक द्यायचे, त्या त्रिकोणाच्या तीन बाजू. त्रिकोण समभुज आहे, समद्विभुज आहे की विषमभुज, ते प्रोग्राम सांगणार. तो बरोबर चालतो का हे तपासायला कोणकोणते आकडे देऊन बघाल?

मुलांनी भराभर लिहिलं. ५, ५, ५. मग ५, ५, ३. मग ३, ४, ५. एकानं शून्य घातलं, एकीनं ऋण संख्या. मी बराच वेळ काही लिहिलं नाही. डोळ्यांसमोर त्रिकोणच येईना, पट्ट्या येत होत्या. १, २ आणि ३ सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या. त्या जोडल्या तर त्रिकोण होतच नाही, आडव्या पडतात. प्रोग्राम मात्र त्याला खुशाल विषमभुज म्हणेल. मग १, २, ४, त्यांची टोकंच जुळत नाहीत. मग तेच आकडे उलटसुलट क्रमानं, कारण पहिल्या दोन बाजूंची बेरीज तपासणारा माणूस तिसरी विसरतो. आमच्याकडे जॉब फिरवून तीन ठिकाणी मोजायचा नियम होता, तो याचसाठी.

मायर्सनं स्वतःला गुण द्यायला चौदा प्रश्न दिले आहेत. अनुभवी प्रोग्रामरांची सरासरी ७.८ भरते असं त्यानं लिहिलंय. मला ९ मिळाले.

सर म्हणाले, "लिमिटवर बघायची सवय तुम्हाला आधीपासून आहे." आमच्यात ज्याला लिमिट पीस म्हणतात, त्याला इथं बाउंडरी व्हॅल्यू म्हणतात. जॉब बिघडतो तो लिमिटच्या काठावर, प्रोग्रामही तिथंच बिघडतो. घरी येताना मेट्रोत उभी होते तरी पाय दुखले नाहीत.

२९ जून, शनिवार

तुकोबांची पालखी आज आकुर्डीला मुक्कामी. आईंनी सकाळपासून पिठलं-भाकरीचा घाट घातला होता. संध्याकाळी ओसरीवर सात वारकरी जेवले. परभणीकडचे एक आजोबा विचारत होते, "बाई, तुम्ही काय करता?" मी म्हणाले, शिकते. त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. "बरं करता," म्हणाले आणि भाकरी मोडली.

बाकी महिना एसक्यूएल शिकण्यात गेला. जमतंय.

२० जुलै, शनिवार

काल सकाळी जगभरचे कॉम्प्युटर निळे पडले. क्राउडस्ट्राइक नावाची सुरक्षा कंपनी आहे. तिच्या एका अपडेटनं विंडोजवाली यंत्रं बंद पडली आणि सुरूच होईनात. विमानतळांवर रांगा, आपल्याकडे इंडिगोच्या प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास. क्लासमधली मुलं फोटो बघत बसली होती. मला एकच विचारायचं होतं: हा लॉट पास कुणी केला?

८ ऑगस्ट, गुरुवार

मधे २५ जुलैच्या पावसात सिंहगड रोडला घरांत पाणी शिरलं. आमच्यातल्या एका मुलीचा लॅपटॉप आणि सर्टिफिकेटं भिजली. आठवडाभर क्लासच्या टेबलावर तिचे कागद पंख्याखाली वाळत होते.

क्राउडस्ट्राइकनं परवा स्वतःच्या चुकीचा अहवाल प्रसिद्ध केला. सरांनी तो वाचून दाखवला, मी घरी येऊन पुन्हा वाचला. तक्रार आली की चूक कशी झाली ते शोधून आम्ही कस्टमरला एटडी रिपोर्ट द्यायचो, तसाच हा. नव्या साच्यात २१ रकाने ठरवले होते. यंत्रावरचा प्रोग्राम प्रत्यक्षात वीसच भरत होता. आधीच्या चाचण्यांमध्ये एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण होती, त्यामुळे तिकडे कुणी पाहायलाच गेलं नाही. १९ जुलैच्या अपडेटनं पहिल्यांदा एकविसाव्या रकान्यातली किंमत मागितली. ती नव्हतीच. प्रोग्राम हद्दीबाहेरची जागा वाचायला गेला आणि कोसळला. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी अपडेट सुटलं आणि ७८ मिनिटांत मागं घेतलं. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं, ८५ लाख यंत्रांवर परिणाम झाला होता.

आमच्या ड्रॉइंगवरही काही मापं कंसात असतात. ती नुसती माहितीसाठी, मोजायची नसतात. पुढच्या रिव्हिजनला ड्रॉइंगवाला कंस काढतो आणि ते माप मोजावं लागतं. इन्स्पेक्टरकडे चेकशीट मात्र जुनीच. हा प्रकार मी स्वतः दोनदा पकडलाय. दुसरी गोष्ट म्हणजे आमच्याकडे सेटिंग बदललं की पहिला पीस स्टँडर्ड रूममध्ये यायचा. तो पास झाल्याशिवाय मशीन पुढं चालायचं नाही. क्राउडस्ट्राइकचं अपडेट आधी थोड्या यंत्रांवर चालवून बघायचं आणि मग बाकीच्यांना पाठवायचं, असं झालंच नाही. एकदम सगळ्यांना गेलं.

एवढ्या मोठ्या कंपनीत फर्स्ट पीस अप्रूव्हल नव्हतं. या क्षेत्रात माझं काय काम, असा जो प्रश्न एप्रिलपासून मनात होता, तो आज गेला.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आज झालं ते लिहायलाच हवं.

क्लास सुटल्यावर एक माणूस जिन्यात भेटला. क्लासचा नव्हता, एका कन्सल्टन्सीचा. आधी त्यानं मला बाजारभाव सांगितला. फ्रेशरला अडीच-तीन लाखांच्या वर कुणी विचारत नाही, पेपरात आलेलं २.५२ लाखांचं वार्षिक पॅकेज वाचलंच असेल. मग मुद्द्यावर आला. "मॅडम, तीन वर्षांचा टेस्टिंगचा एक्स्पीरियन्स दाखवू. लेटर, सॅलरी स्लिप, बँकेतल्या एंट्र्या, रेफरन्सचा फोन, सगळं. साठ हजार आता आणि लागल्यावर दोन पगार. इथली निम्मी पोरं अशीच लागलीत."

मी विचारलं, माझ्या पीएफच्या खात्यात अकरा वर्षं भोसरीची कंपनी दिसते, तिचं काय? तो म्हणाला, ते आम्ही बघतो. बघायला काय राहिलंय? यूएएनवर कुठल्या महिन्यात कुठं होतो ते सगळं दिसतं, टॅक्स कापला असेल तर २६एएसमध्ये पगार कुणी दिला तेही दिसतं. पकडलेल्या मुलाची नोकरी जाते आणि नाव काळ्या यादीत जातं. कन्सल्टन्सीवाला तोवर दुसऱ्या जिन्यात उभा असतो.

पण मी नाही म्हणाले ते पकडली जाईन म्हणून नव्हे. २०१७ च्या मार्चअखेरीला एका लॉटचा बोअर दोन मायक्रॉननं मोठा येत होता. गाडी गेटवर उभी, वरून फोनवर फोन. मी रिपोर्टमध्ये लिमिटच्या आतला आकडा टाइप केला. दोनच मायक्रॉन. केसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉन असते. आठ दिवसांनी कस्टमरची लाईन थांबली. मी आणि दोन हेल्पर तिकडे जाऊन १,४०० नग एकेक करून गो-नोगो गेजनं निवडत बसलो, दोन दिवस. तिथल्या इन्स्पेक्टर बाईंनी मला चहा दिला आणि एवढंच विचारलं, "रिपोर्टवर सही तुमची ना?" त्यानंतर खोटा आकडा मी कधी लिहिला नाही. आता स्वतःच्याच आयुष्याची तीन वर्षं खोटी कशी लिहू?

लातूरच्या मुलानं त्या माणसाचा नंबर घेतला. मी त्याला खाली चहाच्या टपरीवर थांबवून पाऊण तास बोलले. २०१७ ची गोष्टही सांगितली. त्यानं ऐकलं, उत्तर दिलं नाही. त्याच्यावर मला रागावता येत नाही. दोन वर्षं ताटकळत ठेवणाऱ्यांना कुणी विचारत नाही, आणि भुकेल्या पोरांच्या रांगेवर हे लोक दुकान चालवतात. खोट्या अनुभवाचा हा धंदा उघड्यावर चालतो, सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्या मुलानं खरं लिहिलं त्याचा अर्ज सगळ्यात खाली जातो. हा अन्याय आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

हिंजवडीत वॉक-इन. सकाळी सातला घर सोडलं, वाकडच्या पुलाखालीच पाऊण तास गेला. नव्या मेट्रोचे खांब उभे आहेत, खाली गाड्यांची न हलणारी रांग. कंपनीच्या गेटपासून चौकापर्यंत मुलं उभी. जागा बारा. दुपारी दीडला गार्डनं बायोडाटे गोळा करून घेतले आणि घरी जायला सांगितलं.

आतापर्यंत ११८ अर्ज केले. सहा फोन आले, दोन मुलाखती झाल्या. एका मुलाखतीत समोरच्या मुलीनं विचारलं, "तुम्हाला वाटत नाही का उशीर झाला?" मी म्हणाले, नाही. तिनं पुढचा प्रश्न विचारला नाही.

आणखी एक भीती क्लासमध्ये आहे, ती नोंदवून ठेवते. टेस्ट केस आता एआयच लिहून देतं. मी स्वतः करून पाहिलं. मापाचा एक रकाना सांगितला आणि लिमिट दिली. मिनिटभरात तीस केस आल्या, नीटनेटक्या, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. त्यातल्या बावीस मीही लिहिल्या असत्या. पण माप घेताना जॉब गरम होता का, गेजची कॅलिब्रेशनची तारीख उलटलीय का, ऑपरेटरनं इंच-मिलिमीटरचं बटन चुकून दाबलं तर काय, हे त्यात नव्हतं. पुढं कधी तेही येईल. आज तरी ते शॉपवर उभं राहिलेल्या माणसालाच सुचतं. नुसतं टाइप करण्याचं काम ज्यांचं आहे, त्यांचं अवघड आहे, हेही खरंच.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

कंपनीत असताना दसऱ्याला सीएमएमला हार घालायचो, ग्रॅनाइटवर डाग पडू नये म्हणून हळदकुंकू कागदावर वाहायचो. आज घरी पाटावर लॅपटॉप ठेवला आणि शेजारी बाबांनी दिलेला व्हर्नियर. बाबा किर्लोस्करवाडीला टर्नर होते. मी डिप्लोमा पास झाले तेव्हा त्यांनी हा मिटुटोयोचा व्हर्नियर घेऊन दिला. त्यांच्या पगाराच्या मानानं फार महाग होता. लेकीनं विचारलं, "आई, हा आता कशाला? तू तर कॉम्प्युटरवर काम करणार ना?" मी तिला त्यानं तिच्या पेन्सिलीची जाडी मोजून दाखवली. तिनं मग घरातली सगळी पेनं मोजली.

ग्रॅच्युइटीचे ३८ हजार उरलेत. यांनी दोन महिने ओव्हरटाइम घेतलाय. बोलत नाहीत, पण रात्री साडेअकराला येतात तेव्हा दिसतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सेटर काकांचा फोन. ते आता चाकणच्या एका व्हेंडरकडे आहेत. तिथं इन्स्पेक्शनचं नवं सॉफ्टवेअर बसवतायत, गेजवरून माप थेट कॉम्प्युटरवर जातं, कागद नाही. "ताई, सॉफ्टवेअरवाली पोरं हुशार आहेत हो. पण त्यांना प्लग गेज आणि एअर गेज यातला फरक मलाच सांगावा लागला. रिपोर्ट बघून डोकं फिरतं माझं. मी त्यांच्या साहेबाला तुमचं नाव सांगितलंय. नंबर देऊ का?"

सात महिने मी बायोडाट्यात वरच्या ओळीला टेस्टिंगचा कोर्स लिहीत होते आणि अकरा वर्षं खाली, दोन ओळींत. आज रात्री बसून उलटं केलं. सीएमएम वर आणली, १४० प्रोग्राम वर आणले, एटडी, कॅलिब्रेशन, कस्टमर ऑडिट, सगळं वर. मग एसक्यूएल, आणि जिरा, पोस्टमन ही टेस्टिंगची टूल्स. त्याखाली आयएसटीक्यूबी ही टेस्टिंगची परीक्षा, जी मी गेल्याच महिन्यात पास झाले. पास व्हायला चाळीस प्रश्नांपैकी सव्वीस बरोबर लागतात, माझे चौतीस आले.

१० डिसेंबर, मंगळवार

सेटर काकांकडे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कंपनीत मुलाखत. पिंपळे सौदागरला दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. चौदा माणसं. मुलाखत घेणारे दोघं माझ्याच वयाचे. गप्पा नाहीत, थेट एक स्क्रीन समोर ठेवली आणि म्हणाले, अर्धा तास घ्या, यात काय तपासाल ते लिहा.

अर्ध्या तासात चार पानं झाली. कॅलिब्रेशनची तारीख संपलेला गेज प्रोग्राम स्वीकारतो का? शून्य न करता माप घेतलं तर कळतं का? एकाच जॉबचं माप दोनदा गेलं तर मोजणी वाढते का? रात्री बाराला शिफ्ट बदलताना तारीख कुठली लागते? ऑपरेटरच्या हाताला तेल असतं, टच स्क्रीनवर दोनदा दाबलं जातं, तेव्हा काय होतं? शेवटचा प्रश्न वाचून एकानं विचारलं, हे कुठून आलं? मी म्हणाले, माझ्या हाताला अकरा वर्षं तेलच होतं.

पगाराचं स्पष्ट सांगितलं त्यांनी. हातात २२,०००, सहा महिन्यांनी फेरविचार. भोसरीला २९,४०० होते. मी दोन दिवस मागितले. घरी येऊन यांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन दिवस कशाला?"

६ जानेवारी २०२५, सोमवार

रुजू झाले. शेजारच्या टेबलावरचा डेव्हलपर चोवीस वर्षांचा. पहिल्या तासाला मॅडम म्हणाला, जेवणानंतर ताई. एसी तेवीसवर आहे.

लातूरच्या मुलाचा मेसेज आला. त्यानं ते खोटं लेटर घेतलं नाही. एका सहकारी बँकेच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टला लागलाय, रात्रपाळी, १६,०००. संक्रांतीला गावी जाणार आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

पहिला मोठा डिफेक्ट नोंदवला. तारखेसकट इथंही लिहून ठेवते.

भोक ८ मिलिमीटर, एच७. म्हणजे खालची लिमिट ८.०००, वरची ८.०१५. गेज चार दशांश देतो, स्क्रीन तीन दाखवते. प्रोग्राम आधी आकडा तीन दशांशांवर आणत होता आणि मग लिमिटशी ताडून बघत होता. म्हणून ८.०१५४ आलं की ८.०१५ होऊन पास. खालच्या बाजूला ७.९९९६ आलं की ८.००० होऊन तेही पास. दोन्ही नग रिजेक्ट आहेत. डेव्हलपर म्हणाला, "ताई, पॉइंट चार मायक्रॉननं काय होतंय?" मी त्याला १,४०० नगांची गोष्ट सांगितली, कस्टमरचं नाव न घेता. मग आम्ही दोघांनी चाकणचा जुना डेटा काढला. पाचशे मापांत असे तीन नग पास होऊन गेले होते.

संध्याकाळी त्यानं दुरुस्ती केली. तुलना मूळ आकड्याशी, राउंडिंग फक्त दाखवताना. मी लिमिटच्या दोन्ही काठांवर चाळीस मापं देऊन पाहिली. सगळी बरोबर लागली. सोमवारी आधी एकाच मशीनवर बसवायचं, आठवडाभर बघायचं, मग बाकीच्या अकरांवर, असं मी साहेबांकडून लिहून घेतलं. सेटर काकांना फोन करून ते तीन नग कुठल्या लॉटमधले तेही सांगितलं. ते उद्या सकाळी स्टोअरला जाऊन बघणार आहेत.

आज गुरुवार. भोसरी एमआयडीसी बंद होती. मी कामावर होते.